‘सहलीचा अल्बम’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

‘आमचा डोंगऱ्या’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली. सकाळी उठून पुन्हा वाचली, दिवसभराच्या थकव्यामुळे जास्त लागली की काय ते बघायला. तसं काही नव्हतं. सकाळीही तेवढीच लागली.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा मावसभाऊ पायदळात जवान होता. सियाचिनवर हिमस्खलनात गेला, वय २४. त्याचं गडकिल्ल्यांचं वेड, मावशीवरचा जीव, भाचीचे लाड असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: “बाई, सैनिकाची आठवण म्हणजे सहलीचा अल्बम नव्हे. तंबू, चांदण्या, आईचे फोन, यात शौर्य कुठे आहे? फोटोसुद्धा गणवेशातला नाही. ‘त्याला हवी होती तीच जागा त्याला मिळाली’ हे वाक्य तर बेजबाबदार आहे. तिथे त्याला पाठवलं होतं, तो फिरायला गेला नव्हता. युनिटमधल्या एकाशी तरी बोललात का?” खाली सही, ‘एक माजी सैनिक’.

आधी ‘बाई’बद्दल. लेखावर माझं नाव आहे. ते घ्यायचं नसेल तर काहीच न म्हणता सुरुवात करता येते. मी ‘अहो बुवा’ म्हणून सुरुवात केली असती तर तुम्ही पुढचं वाचलं असतंत का? तुमच्या नोकरीबद्दल मला आदर आहे. पण समोरच्याच्या घरात अजून सुतक फिटल्यासारखं वाटत नसताना दारातूनच आवाज चढवायचा, ही रीत कुठल्या पलटणीत शिकवतात ते मला माहीत नाही. माझ्या वडिलांच्या पलटणीत तरी शिकवत नव्हते.

एक गोष्ट मान्य करते. तंबूवरचा मजकूर लांबला. दोघांच्या तंबूत चौघं कसे मावायचो, पावसात कुठल्या कोपऱ्यातून पाणी यायचं, हे आम्हाला गमतीचं; परक्या माणसाला कंटाळा आला असेल. एवढंच लिहून थांबला असतात तर मीही ‘धन्यवाद’ म्हणून मोकळी झाले असते.

पण ‘सहलीचा अल्बम’. हे मी सोडणार नाही.

सियाचिनवर १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं. तेव्हापासून तिथे शत्रूच्या गोळीने गेले त्याहून कितीतरी जास्त जवान थंडीने, विरळ हवेने, हिमस्खलनाने आणि बर्फाच्या भेगांत पडून गेले. नोव्हेंबर २००३ पासून तिथे शस्त्रसंधी आहे. गोळीबार थांबला, बर्फ कोसळायचा थांबला नाही. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर १० जण गाडले गेले. लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी बर्फाखाली जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत गेले. तुम्ही माजी सैनिक आहात, तुम्हाला हे माझ्याहून जास्त माहीत असणार. मग सांगा, तिथलं शौर्य कशाने मोजायचं? किती फैरी झाडल्या त्याने?

तिथे माणसं एका दोराला बांधून एकामागे एक चालतात. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेग असते. एक खाली गेला की बाकीच्यांनी त्याच क्षणी आडवं पडून, कुऱ्हाड रोवून त्याला तोलायचं. हे कवायतीच्या मैदानावर येत नाही. आमच्या पोराला त्यातलं निम्मं सैन्यात जायच्या आधी येत होतं, कारण तो सोळाव्या वर्षापासून सह्याद्रीत कातळाला लटकत होता. अलंग किल्ल्याच्या कातळटप्प्यावर मी एकदा दोर बांधून उभी होते. त्याने माझ्या कमरेची गाठ बघितली, सोडायला लावली, पुन्हा बांधायला लावली, पुन्हा सोडायला लावली. मागे रांग खोळंबलेली. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, सगळ्यांसमोर तापले. तो गाठीवरून बोट फिरवत म्हणाला, “ताई, राग वर गेल्यावर कर.” वर गेल्यावर मी खरंच राग केला आणि त्याने तो निमूट ऐकून घेतला. हा प्रसंग लेखात होता. तुम्हाला त्यात सहल दिसली.

उदाहरण घरातलं चालत नसेल तर बाहेरचं देते. जून १९८७. सियाचिनच्या सर्वांत उंच भागातली पाकिस्तानची ‘कायद’ चौकी. तिथे जायला सुमारे दीड हजार फुटांची जवळजवळ उभी बर्फाची भिंत. मे महिन्यात सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांची तुकडी तिथे टेहळणीला गेली. त्यांनी भिंतीवर दोर लावले आणि राजीव पांडे तिथेच गोळीबारात गेले. जूनमध्ये नवी तुकडी निघाली. मोहिमेचं नावच ऑपरेशन राजीव. आधीच्या तुकडीने लावलेले ते दोर त्यांना सापडले आणि कामी आले. नायब सुभेदार बाना सिंग आणि त्यांचे साथीदार वर पोचले, चौकी घेतली. बाना सिंग यांना परमवीरचक्र मिळालं, चौकीला त्यांचं नाव दिलं गेलं. आता यातलं शौर्य कुठलं आणि गिर्यारोहण कुठलं, तेवढं मला वेगळं काढून द्या. सैन्याला ते वेगळं काढता आलेलं नाही. गुलमर्गचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, म्हणजे उंच पहाडातली लढाई शिकवणारी सैन्याची शाळा, १९४८ मध्ये सुरू झालं तेच मुळी स्की शिकवण्यासाठी.

तेव्हा जो मुलगा सुट्टीवर आला की दुसऱ्या दिवशी सॅक पाठीला मारून गडावर जायचा, तो नोकरीतून पळून मौज करत नव्हता. (मौजही करत होता, ते वेगळं. चोवीस वर्षांच्या पोराने मौज करायची नाही का?)

आता आईचे फोन. तुमच्या यादीत हा शब्द चांदण्यांच्या शेजारी आला आहे, म्हणजे तुमच्या मते दोन्ही हळवेपणाच. लेफ्टनंट विजयंत थापर जून १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत गेले, तेव्हा २२ वर्षांचे होते. हल्ल्याच्या आधी त्यांनी घरी लिहून ठेवलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यात पलटणीचा अभिमान आहे, पुन्हा जन्म मिळाला तर पुन्हा सैन्यातच जाईन असंही आहे. आणि त्याच पत्रात अनाथालयाला थोडे पैसे द्या, एका लहान मुलीला दरमहा ५० रुपये देत राहा, असंही आहे. चढाईला निघायच्या आधी त्या तरुण अधिकाऱ्याला ५० रुपये आठवले. तुम्ही त्या पत्राखाली काय लिहिलं असतंत, ‘यात शौर्य कुठे आहे’?

आमच्या पोराने असं पत्र लिहिलं नव्हतं. त्याचं सामान आलं तेव्हा पाकिटात वर्तमानपत्राचा घडी घातलेला तुकडा होता. त्यावर पेन्सिलीने काढलेलं एक छोटं पाऊल. भाचीला बूट आणायचे म्हणून मागच्या सुट्टीत तिला कागदावर उभी करून त्याने स्वतः माप घेतलं होतं. अंगठ्याशी रेघ हललेली आहे, तिला गुदगुल्या झाल्या म्हणून. हे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला होता आणि लिहिलं. कुणी त्याला अल्बम म्हणेल असं मनात आलं नव्हतं.

‘सैनिकाचं आयुष्य तुम्हाला काय कळणार’ असं तुम्ही थेट म्हटलं नाहीत, पण वाक्यावाक्यातून म्हटलंत. माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची काळी ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला नंबर आणि नाव, अजून आमच्या माळ्यावर आहे. त्यांची सुट्टी संपत आली की आई ती ट्रंक भरायची आणि आम्हा मुलांना त्या खोलीत जायची बंदी असायची. आंतरदेशीय पत्राच्या घडीवरसुद्धा, जिथे डिंक लागतो तिथे, बारीक अक्षरात ते लिहायचे, कारण जागा पुरायची नाही. त्या पत्रांत लढाईचं एक अक्षर नसायचं. विहिरीला पाणी किती आहे, धाकट्याचा खोकला गेला का, मास्तरांना भेटलीस का. आयुष्यभर बंदूक वागवलेला माणूस घरी हेच विचारायचा. मी त्या पत्रांवर वाढले आहे. सैनिक घरात कसा असतो हे मला कुणी सांगायची गरज नाही, आणि तुमच्या सहीखाली किती वर्षांची नोकरी आहे हे मी विचारलेलं नाही, तेव्हा माझी पात्रता तुम्हीही काढू नका.

राहिलं ते ‘पाठवलं होतं’. सैन्यात सगळ्यांनाच पाठवतात, यात नवीन काय सांगितलंत? त्याला बर्फ बघायचा होता, तो लहानपणापासून म्हणायचा, आणि पोस्टिंग कळल्यावर फोनवर हसला होता. फोनवर मीच होते, तुम्ही नव्हता. ते वाक्य मी विचार करून लिहिलं आहे आणि ते राहील. लेख टाकायच्या आधी मावशीला वाचायला दिला होता. त्या वाक्यावर ती थांबली, चष्मा काढून पुसला, परत लावला, पुढे वाचलं. काही म्हणाली नाही. तिची हरकत नसेल तर तुमची का असावी?

युनिटमधल्यांशी बोलले का? मी बहीण म्हणून लिहीत होते, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, चालवत नव्हते.

आणि फोटो. गणवेशातला फोटो मावशीच्या घरी भिंतीवर आहे. त्याला हार घातला आहे, त्यामुळे ती त्या भिंतीकडे पाठ करून बसते. इथे कुठला लावायचा हे आम्ही घरच्यांनी मिळून ठरवलं. तोंडात ब्रश, गळ्यात टॉवेल, मागे कुलंगचा किल्ला. तुम्हाला तो सैनिकाला शोभत नाही असं वाटतं. आम्हाला तो त्याच्यासारखा वाटतो, म्हणून बदलणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. अजून काही विचारायचं असेल तर मात्र मला ईमेल करा. इथलं सगळे वाचतात, मावशीसुद्धा.