17 डिसेंबरचं काय?

आज 16 डिसेंबर, विजय दिवस. 1971 मध्ये याच दिवशी पाकिस्तानी सैन्य ढाक्यात शरण आलं आणि पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला. सकाळपासून तोच फोटो फिरतोय. ढाक्याचं रमणा रेसकोर्स, शरणागतीवर सही करणारे पाकिस्तानी जनरल नियाझी, शेजारी आपले जनरल अरोरा. तेरा दिवसांत युद्ध संपलं, 93 हजार युद्धकैदी. ऊर भरून येतोच, यायलाच हवा. पण दरवर्षी माझ्या मनात दुसऱ्या दिवसाचा ढाका येतो, आणि त्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही.

देश मोकळा झाला, पण चालवायचा कुणी? शरणागतीच्या दोनच दिवस आधी ढाक्यातले प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरांतून उचलून नेले होते. रायेरबाजारच्या वीटभट्ट्यांजवळ मृतदेह सापडले, डोळे बांधलेले, हात मागे बांधलेले. ज्यांच्या जिवावर कॉलेजं, दवाखाने, वर्तमानपत्रं उभी राहायची, नेमकी तीच माणसं वेचून मारली. कितीतरी बंगाली अधिकारी आणि जवान पाकिस्तानात अडकून पडले. त्यांच्या परतीचा करार व्हायला ऑगस्ट 1973 उजाडला.

त्यात सुमारे एक कोटी निर्वासित भारतातून घरी निघालेले. घरी म्हणजे कुठे, तर जळालेल्या गावात. त्यांच्यासाठी धान्य येणार बोटीने, आणि चितगाव बंदरात सुरुंग पेरलेले, बुडालेली जहाजं वाटेत आडवी. सोव्हिएत नौदल ते साफ करत 1974 पर्यंत तिथे होतं. बंदरातून धान्य उतरलं तरी पुढे न्यायचं कसं? पाक्शीजवळ पद्मेवरच्या हार्डिंज पुलाचा एक अख्खा गाळा नदीत पडलेला. रेल्वे तिथेच तुटली. आपल्या रेल्वेच्या लोकांनी मदतीला जाऊन पूल सांधला, ऑक्टोबर 1972 मध्ये गाडी पुन्हा पलीकडे गेली. मला हे काम लढाईइतकंच मोठं वाटतं.

आपलं सैन्य मार्च 1972 मध्ये परत आलं. तीन महिन्यांत! जिंकलेल्या फौजा इतक्या लवकर निघतात कुठे? माझ्या मते 1971 मधला आपला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

स्वातंत्र्यासाठी लढलेल्या बंगाली पोरांच्या हातातल्या बंदुकांचा प्रश्न मात्र तिथल्या लोकांनाच सोडवायचा होता. टांगाइलला 24 जानेवारी 1972 ला त्यांच्यातले एक म्होरके कादर सिद्दिकी यांच्या लोकांनी बांगलादेशाचे नेते शेख मुजीब यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. सगळ्यांनी तसं केलं नाही. लढून आलेल्या पोरांना काम नाही, हातात रायफल आणि बाजारात तांदूळ महाग. 1974 ला पूर आला, शेतमजुरांची मजुरी बुडाली आणि रंगपूरकडे माणसं उपाशी मेली. बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने त्याच वर्षी धान्याची मदत अडवून धरली. भुकेल्या देशाला असं वेठीला धरलेलं वाचलं की अजूनही संताप येतो. पुढच्या वर्षी, 15 ऑगस्टला, मुजीबांचीच घरात हत्या झाली. मारणारे त्यांच्याच सैन्यातले.

आमच्या आजोबांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात त्या काळची पाकिटं आहेत. नेहमीच्या तिकिटाशेजारी 5 पैशांचं जादा तिकीट, त्यावर 'शरणार्थी सहायता'. ते लावल्याशिवाय पाकीट जायचं नाही. लढाई संपल्यावरही मार्च 1973 पर्यंत ते चालू होतं. युद्धाची कात्रणं आजोबांनी ठेवली नाहीत, ही पाकिटं मात्र सुतळीने बांधून जपली.

पद्मेवरच्या त्या पुलाच्या कामावर गेलेलं कुणी तुमच्या घरात, ओळखीत असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा. फोटो असेल तर टाकाच. रमणाच्या फोटोशेजारी तोही लावायचाय मला.