सुटलेल्या माणसाला सरकार काय देणं लागतं?

2025 च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने मुंबईत दोन निकाल आले. 21 जुलैला उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातल्या पाच जणांना खालच्या कोर्टाने फाशी सुनावली होती. 31 जुलैला राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) विशेष न्यायालयाने 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सोडले. पहिला निकाल मुख्यमंत्र्यांना धक्कादायक वाटला आणि सरकार लगोलग सुप्रीम कोर्टात गेलं. दुसऱ्याचं त्यांनी स्वागत केलं. माझ्या फ्रेंडलिस्टमध्येही तेच चित्र होतं: काहींना पहिला निकाल न्याय वाटला आणि दुसरा अन्याय, काहींना नेमकं उलट. दोन्ही निकालांना एकच प्रश्न विचारणारं मात्र फारसं कुणी दिसलं नाही. या माणसांची जी वर्षं गजाआड गेली, त्यांची भरपाई कोण करणार?

लोकल खटल्यातली माणसं जवळपास 19 वर्षं आत होती. एकजण 2021 मध्ये कोरोनाने नागपूर तुरुंगातच गेला, फाशीचा कैदी म्हणून. निर्दोष सुटल्याचं ऐकायला तो उरला नाही. मालेगाव खटल्यात प्रज्ञासिंह ठाकूर यांना साडेआठ वर्षांनी जामीन मिळाला, कर्नल पुरोहितांना जवळपास नऊ वर्षांनी. प्रज्ञासिंह यांचं राजकारण मला अजिबात मान्य नाही. तरीही गुन्हा सिद्ध होण्याआधी कुणालाही इतकी वर्षं डांबून ठेवणं चूक आहे, आणि हे मी त्यांच्याबद्दलही तितक्याच ठामपणे म्हणेन. मालेगावने तर हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय. त्याच गावातल्या 2006 च्या स्फोटात नऊ मुसलमान तरुणांना पकडलं होतं. 2016 मध्ये कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं, तोवर त्यांच्यातला एकजण वारला होता.

लोकल खटल्याच्या निकालातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सुटका होणाऱ्या प्रत्येकाला 25 हजार रुपयांचा वैयक्तिक जातमुचलका लिहून द्यायचा होता. सरकार अपिलात गेलं तर हजर राहीन, अशी ती हमी. ही कायद्यातली नेहमीची तरतूद आहे, न्यायाधीशांचा त्यात दोष नाही. पण 19 वर्षांनी बाहेर पडणारा माणूस सरकारला सहीनिशी हमी देतो आणि सरकार त्याला कशाचीच हमी देत नाही. घर कुठेय, आई-वडील हयात आहेत का, उद्या पोटाला काय, हे विचारणारी एकही यंत्रणा तुरुंगाच्या दारात नसते.

कायद्यात भरपाईच नाही का? आहे, आणि ती वाचून मन विषण्ण होतं. पुरेसं कारण नसताना दुसऱ्याला अटक करायला लावणाऱ्याकडून भरपाई वसूल करायचं एक कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं. कमाल मर्यादा 1000 रुपये. 2023 ची नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, ‘गुलामीच्या खुणा पुसल्या’ म्हणून गाजावाजा झाला, पण ही हजार रुपयांची मर्यादा तशीच राहिली.

मग उरतं सुप्रीम कोर्ट. 1983 मध्ये रुदल शाहच्या प्रकरणात कोर्टाने 35 हजार रुपये देवविले. हा माणूस 1968 मध्ये निर्दोष सुटूनही पुढची 14 वर्षं बिहारच्या तुरुंगात पडून होता. तो निकाल यशवंतराव चंद्रचूडांचा. आणीबाणीत हेबियस कॉर्पस खटल्यात, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्ध कोर्टात दाद मागायच्या हक्काच्या खटल्यात, नागरिकाच्या विरोधात कौल देणाऱ्या बहुमतात जे होते, तेच. राज्यघटनेतल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काला, कलम 21 ला, भरपाईचं बळ तिथे मिळालं. 2018 मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 50 लाख मंजूर झाले, अगदी योग्यच झालं. पण अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेच 2014 मध्ये निर्दोष सोडलेल्या माणसांनी भरपाई मागितली, तेव्हा 2016 मध्ये त्याच कोर्टाने नकार दिला. असा पायंडा पडणं धोक्याचं, हे कारण. म्हणजे भरपाई मिळणार की नाही हे खंडपीठावर अवलंबून. याला हक्क म्हणता येत नाही.

विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 वा अहवाल दिला, तो नेमका याच विषयावर. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांसाठी विशेष न्यायालयं, ठरावीक मुदतीत पैशांची भरपाई, शिवाय समुपदेशन आणि रोजगाराचं प्रशिक्षण, अशा शिफारशी त्यात आहेत. त्यावर आजवर कायदा झालेला नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात बेकायदा अटकेसाठी भरपाईचा हक्क आहे. भारत 1979 मध्ये त्या करारात सामील झाला तो नेमकं हे कलम राखून ठेवूनच. तेव्हापासून सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली.

‘पुराव्याअभावी सुटले, निर्दोष थोडेच आहेत,’ असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच. लोकल खटल्याचा निकाल वाचा. कबुलीजबाबांचे काही भाग एकमेकांवरून उतरवल्यासारखे सारखे निघाले आणि ते छळ करून घेतल्याचं म्हणणं कोर्टाला पटलं. मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधातल्या राज्याच्या कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, त्याचा हा परिणाम. आणि ‘मेलेल्यांचं काय?’ हा प्रश्न मलाही छळतो. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या डब्यांत 180 हून अधिक माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना 19 वर्षांनी काय मिळालं? खरे गुन्हेगार कोण, हेही नाही. चुकीच्या माणसाला आत टाकलं की तपास तिथेच थांबतो, आणि त्यात पहिला घात होतो तो याच घरांचा.

फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तिच्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, त्यामुळे दिल्लीची वाट न बघता महाराष्ट्र स्वतःचा भरपाई कायदा करू शकतो. त्याच जुलैत आपल्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक लागोपाठच्या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून मंजूर केलं. आपापल्या आमदाराला एवढंच विचारा: 277 व्या अहवालावर विधेयक कधी मांडणार? मी माझ्या आमदारांना पत्र पाठवतोय. मसुदा हवा असेल त्यांनी सांगा, मेसेज करतो.