सिंधू प्यायली असती तर?

‘टू लेस्ली’ बघा, असं घरच्या ग्रुपवर मीच इथून, टेक्ससमधून सुचवलं होतं. सांगलीहून दादाचा निकाल आला: “असली आई असते होय? तुमच्याकडे कुटुंबच उरलं नाही, म्हणून असले सिनेमे.” खाली अंगठ्यांची रांग.

2022 चा सिनेमा. पश्चिम टेक्ससमधल्या एकट्या आईला 1,90,000 डॉलरची लॉटरी लागते, ती सगळी दारूत घालवते, पोराला टाकून जाते. काही वर्षांनी त्याच्याच दारात येते. तो ठेवून घेतो. अट एकच, प्यायचं नाही. ती त्याच्या रूममेटचे पैसे चोरून पिते. लेस्ली झालेल्या अँड्रिया राइजबरोला ऑस्करचं नामांकन मिळालं, तर दादाच्या मते तेही वशिल्याचं. प्रचारावरून गदारोळ झाला, हे खरं. पण अकादमीने तपासून नामांकन कायम ठेवलं, हे तो सांगणार नाही. बारमध्ये विली नेल्सनचं गाणं लागतं आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही, तेवढा भाग तरी बघायचास की रे!

1919 पासून आपण ‘एकच प्याला’ बघून रडतोय. सुधाकर प्यायला की बिचारा, सिंधूने सोसलं की पतिव्रता. सिंधूनेच पेला उचलला असता तर गडकऱ्यांच्या नाटकाला थिएटर मिळालं असतं का? आणि पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला बायकांसाठी वेगळा विभाग काढावा लागला, तो काय टेक्ससच्या बायकांसाठी?

आमच्या एचईबी सुपरमार्केटमागच्या चर्चमध्ये एएची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ गटाची मीटिंग असते. बायका पार्किंगमध्ये कारसीटमधून पोरं काढतात, कडेवर घेतात आणि सरळ आत जातात. तोंड लपवत नाहीत. सांगलीत हे दाखव म्हणावं.

अर्थात लेस्लीचं गाव काही वेगळं नाही. लॉटरीच्या वेळी तिच्याबरोबर नाचलेलेच नंतर तिला टोमणे मारतात. थेट आमची गल्लीच. त्या गल्लीतल्या चार लोकांना कंटाळूनच तर मी निघालो. इथे समोरच्या घरात कोण राहतं ते मला गाडीवरून कळतं, नावानं नाही. मंडळाच्या गणपतीत सगळे “कसं चाललंय?” विचारतात आणि “मस्त” ऐकून मोदकांच्या रांगेकडे वळतात; मीही तेच करतो. उद्या मी प्यायला लागलो तर इथे कुणाला पत्ता लागायच्या आधी सांगलीत कळेल. दादा ग्रुपवर माझे वाभाडे काढेल, आणि तिकीट काढून न्यायलाही तोच येईल. या गोष्टीचा मला आधार वाटतो, आणि त्याचाच भयंकर राग येतो.