मी ॲबाची फॅन आहे, नातेवाईक नाही

तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. 'द विनर टेक्स इट ऑल' या ॲबाच्या गाण्याचा व्हिडिओ आणि खाली पिवळ्या अक्षरांत मजकूर: घटस्फोट झाल्यावर नवऱ्याने हे गाणं लिहिलं, बायकोलाच गायला लावलं, ती स्टुडिओत रडत रडत गायली. शेवटी रडके इमोजी आणि 'खरं प्रेम'. शाळेच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, शिवाय 'तू ॲबावाली ना, तुला आवडेल' म्हणून काहींनी मला वेगळा पाठवला.

नाही आवडला. का ते जरा सविस्तर लिहिते. एवढी वर्षं एका बँडवर जीव टाकल्यावर तेवढा हक्क लागतो माझा.

आधी जे खरं आहे ते सांगून टाकते. ॲबा म्हणजे सत्तरच्या दशकात गाजलेला स्वीडनचा पॉप बँड, दोन जोडप्यांचा: ब्यॉर्न आणि ॲग्नेथा, बेनी आणि फ्रीडा. ब्यॉर्न आणि ॲग्नेथा १९७८ च्या नाताळात वेगळे झाले, जानेवारी १९७९ मध्ये ते जाहीर झालं. गाणं आलं १९८० च्या जुलैमध्ये. चाल तयार होती, शब्द नव्हते. कच्च्या रेकॉर्डिंगवर ब्यॉर्न काहीतरी अर्थशून्य फ्रेंच बरळला होता. मग एका रात्री ब्रँडीची बाटली घेऊन बसला आणि तासाभरात सगळं गाणं उतरवलं, हे त्यानेच पुढे अनेकदा सांगितलंय. त्यासोबत तो आणखी एक गोष्ट सांगत आलाय, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते: भावना खरी आहे, गोष्ट आमची नाही, आमच्या वेगळं होण्यात कुणी जिंकलं नाही की कुणी हरलं नाही.

पण ते कोण ऐकतंय? आपल्याला स्टुडिओच्या काचेपलीकडे बसून बायकोला रडताना बघणारा नवरा हवा असतो.

आता मला त्या गाण्यात काय ऐकू येतं ते सांगते. अख्खं गाणं फक्त दोन सुरावटींवर उभं आहे. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की पुन्हा पहिली. मध्ये वेगळा तुकडा नाही, शेवटी चाल कुठे वर चढून टाळ्या घेत नाही. पियानोची ओळसुद्धा सारखी वरून खाली उतरत राहते. एवढ्याशा सामग्रीवर जवळजवळ पाच मिनिटं माणसाला जागेवर बसवून ठेवायचं म्हणजे सगळा भार गाणारीवर. ॲग्नेथा पहिलं कडवं बोलल्यासारखं गाते. पुढे प्रत्येक फेरीत तीच सुरावट थोडी अधिक दाबाने येते, मग मागचा सगळा गलबला गळून पडतो आणि ती पुन्हा एकटी उरते. कुठे थांबायचं, कुठला शब्द अर्धवट सोडायचा, कुठे श्वास ऐकू द्यायचा, हा सगळा हिशेब आहे. रडत रडत हे गाता येत नाही. कुणी गाऊन बघावं. तिची ही कारागिरी पुसून टाकून तिला 'बिचारी' करून ठेवतात, त्याचा मला राग येतो. हीच मुलगी सतरा वर्षांची असताना स्वतः रचलेल्या गाण्याने १९६८ मध्ये स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली होती. तेव्हा ना ब्यॉर्न होता, ना ॲबा.

आमच्या घरात ॲबा आलं ते आखातात नोकरी करणाऱ्या मामाच्या बॅगेतून, कॅसेट होऊन. त्याआधी 'हम किसीसे कम नहीं'मधलं 'मिल गया हमको साथी' तोंडपाठ होतं, त्यामुळे 'मामा मिया' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ठामपणे म्हटलं होतं, ह्यांनी आपल्या पंचमदांची चाल चोरली! (चोरी कुठल्या दिशेला झाली ते कळल्यावर पंचमदांवरचं प्रेम कमी झालं नाही, ते सोडा.) बाबांच्या लेखी हा सगळा धांगडधिंगा. घरात भीमसेनजी आणि नाट्यसंगीत, त्यात ही चकचकीत कपड्यांतली माणसं. 'हलकं आहे,' एवढंच ते म्हणायचे, आणि 'हलकं' या शब्दात आपल्याकडे केवढा न्यायनिवाडा होऊन जातो ते ज्यांच्या घरात तंबोरा होता त्यांना माहीत आहे.

गंमत म्हणजे खुद्द स्वीडनमध्येही हेच चाललं होतं. १९७४ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला ॲबाच्या 'वॉटर्लू'ने युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली, त्यामुळे पुढच्या वर्षी यजमानपद स्टॉकहोमकडे आलं, आणि तिथल्या डाव्या विचारांच्या संगीतकारांनी निषेध म्हणून समांतर महोत्सवच भरवला. गाण्यात विचार हवा, हे नुसतं धंदेवाईक आहे, असा रोख. ॲबाचा मॅनेजर स्टिग अँडरसन धंदेवाईक होताच, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कपड्यांमागेसुद्धा हिशेब होता. जे रस्त्यावर घालून फिरणं शक्यच नाही अशा कपड्यांवर करात सूट मिळायची, हे ब्यॉर्ननेच सांगितलंय. त्यामुळे त्या मांजरीच्या चित्रांच्या अंगरख्यांवर हसा, पण हसताना तेवढं लक्षात ठेवा.

पण धंदेवाईक म्हणजे वरवरचं, हे समीकरण मला कधी पटलं नाही. हे लोक काम कसं करायचे बघा. स्टॉकहोमजवळच्या बेटांपैकी विग्सो नावाच्या एका बेटावर एक छोटी खोली, आत पियानो आणि गिटार. बेनी आणि ब्यॉर्न तिथे दिवसचे दिवस तेच तेच वाजवत बसायचे. स्वरलिपीत लिहून ठेवायची भानगड नाही. दुसऱ्या दिवशी आठवली तर चाल चांगली, नाही आठवली तर गेली. बेनीला सहाव्या वर्षी अकॉर्डियन मिळालं होतं आणि वडील-आजोबांबरोबर तो लोकसंगीत वाजवायचा, ते त्याच्या चालींतून अजून ऐकू येतं. मग स्टुडिओत मायकेल ट्रेटो हा ध्वनिमुद्रक. तो वाद्यांचा थर एकदा घ्यायचा, टेपचा वेग किंचित बदलून तोच थर पुन्हा वाजवून घ्यायचा आणि दोन्ही एकमेकांवर ठेवायचा. सूर केसभर इकडेतिकडे होतो आणि आवाज एकदम भरगच्च, लखलखीत होतो. वर दोघींचे आवाज, ॲग्नेथाचा उंच आणि धारदार, फ्रीडाचा खालचा, गोलाई असलेला, दोन्ही असेच थरावर थर. एकाच सुरात गातात तेव्हा तिसरीच कुणी बाई गातेय असं वाटतं.

'डान्सिंग क्वीन' घ्या. तुमच्या-माझ्या लग्नात, मुलांच्या फ्रेशर्स पार्टीत, वांद्र्यापासून पणजीपर्यंत प्रत्येक रिसेप्शनच्या बँडने वाजवलेलं. १९७५ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झालं आणि रेकॉर्ड बाजारात आली १९७६ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात जूनमध्ये स्वीडनच्या राजाच्या लग्नाच्या आदल्या रात्री ते राजा-राणीसमोर गाऊन झालं होतं. नुसता वाद्यांचा भाग ऐकून फ्रीडाला रडू आलं होतं (हे रडणं मला चालतं, कारण ते सुरांसाठी आहे). गाणं सुरू कसं होतं ते आठवा. पियानोवरून बोट सरकतं आणि थेट ध्रुवपदाचा उत्तरार्ध! म्हणजे तुम्ही दार उघडता तेव्हा नाच आत आधीच रंगलेला असतो. आणि लय तरी केवढी, मिनिटाला साधारण शंभर ठोके. नाचाच्या गाण्याला ही संथच म्हणायची. म्हणून तर साठीच्या आत्याही त्यावर नाचू शकतात.

असं सगळं असताना बोलणं फिरून फिरून येतं कुणी कुणाला सोडलं यावर.

'मग घरातलं गाण्यात येतच नाही का?' असं एका मैत्रिणीने विचारलं. येतं की. १९८१ च्या 'द व्हिजिटर्स' या अल्बममध्ये तर भरभरून आलंय. 'व्हेन ऑल इज सेड अँड डन' हे बेनी-फ्रीडाच्या घटस्फोटाच्या वेळचं, आणि फ्रीडाने ते मान ताठ ठेवून गायलंय. 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स' ब्यॉर्नने मुलीला शाळेत जाताना बघून लिहिलं आणि मुलीच्या आईने गायलं. पण मी ते ऐकते तेव्हा मला स्टॉकहोममधलं त्यांचं घर दिसत नाही. मला माझी लेक दिसते, रिक्षावाल्या काकांच्या रिक्षेत पाठीवरच्या दप्तरासकट कोंबलेली, आणि मागे वळून न बघता गेलेली. गाणं त्यांच्या घरातून निघून माझ्या घरात आलं, म्हणून ते टिकलं. त्याला ओढत परत त्यांच्याच बेडरूममध्ये नेऊन ठेवण्यात कसली भक्ती?

'हॅपी न्यू इयर'चंही तेच. एकतीस डिसेंबरला क्लबात, गच्चीवर, टीव्हीवर सगळीकडे लावतात. शब्द कुणी ऐकत नाही. पार्टी संपलीय, सकाळ करड्या रंगाची आहे आणि पुढे काय होणार याचा कुणाला पत्ता नाही, असं ते गाणं. त्याचं कामचलाऊ नाव होतं 'बाबा, नाताळच्या दिवशी दारू पिऊ नका' अशा अर्थाचं! एका संगीत नाटकाच्या कल्पनेतून ते आलं होतं, नाटकाचं लेखन ब्रिटिश विनोदी नट-लेखक जॉन क्लीझने करावं असं बेनी-ब्यॉर्नच्या मनात होतं, तो नाही म्हणाला. तेव्हा त्या गाण्यातली खिन्नता नक्की कुणाच्या संसारातली, हे शोधायला बसाल तर हाती काही लागणार नाही.

फॅन मंडळींच्या या घरात डोकावण्याने एकदा खरंच एक घर उलटंपालटं झालं, आणि तो किस्सा माझ्या सगळ्या मुद्द्याला आडवा जातो, तरी सांगते. फ्रीडाचा जन्म १९४५ चा, नॉर्वेतला. आई नॉर्वेजियन, वडील जर्मन सैनिक. युद्धानंतर अशा मुलांचं आणि त्यांच्या आयांचं नॉर्वेत काय होत होतं ते वाचवत नाही. आजी तिला घेऊन स्वीडनला आली, आई लवकरच वारली, वडील युद्धातच गेले असं ती धरून चालली होती. १९७७ मध्ये 'ब्राव्हो' या जर्मन मासिकाने ॲबाचं पोस्टर छापलं, त्यात चौघांची सविस्तर माहिती, वडिलांच्या नावासकट. ते जर्मनीतल्या एका घरात वाचलं गेलं आणि मुलाने बापाला विचारलं, युद्धात तुम्ही कुठे होता? वडील जिवंत होते. बापलेकीची भेट स्टॉकहोममध्ये झाली, फ्रीडा तेव्हा एकतीस वर्षांची. तुम्ही म्हणाल, बघ, चांगलंच झालं की! मलाही तसंच वाटायचं. पण पुढे त्या दोघांचं नातं काही जुळलं नाही. आणि तिच्या जन्माची गोष्ट मुलांच्या खोल्यांच्या भिंतींवर चार पिनांनी टाचली गेली, ती कायमची. दुसऱ्या टोकाला ॲग्नेथाचा पिच्छा पुरवणारा तो डच माणूस, ज्याला शेवटी कोर्टाने तिच्यापासून लांब राहायला सांगितलं. मग बाई लोकांत मिसळत नाही, माणूसघाणी आहे, अशा बातम्या छापायच्या!

चौघांनी १९८२ नंतर एकत्र काम थांबवलं. निरोपाचा दौरा नाही, पत्रकार परिषद नाही. १९९२ च्या 'ॲबा गोल्ड' या जुन्या गाण्यांच्या संग्रहाने नवी पिढी आणली, ६ एप्रिल १९९९ ला, म्हणजे ब्रायटनच्या विजयाला बरोब्बर पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, लंडनला ॲबाच्या गाण्यांवरचं 'मामा मिया!' नाटक उघडलं. पुढच्या वर्षी शंभर कार्यक्रमांसाठी एक अब्ज डॉलर देऊ केल्याची बातमी आली आणि हे नाही म्हणाले. तेव्हा आमच्यातले कितीतरी फॅन चिडले होते. 'आपल्यासाठी तरी यायला हवं होतं.' का? कॅसेटचे पैसे दिले, कॅसेट मिळाली. व्यवहार पूर्ण झाला. बाकी त्यांचा गुडघेदुखीचा, नातवंडांचा, बागेचा वेळ त्यांचा आहे.

मग २०२१ मध्ये आपणहून आले, 'व्हॉयेज' घेऊन. आधीच्या अल्बमनंतर चाळीस वर्षांनी. आवाज खाली आलेत आणि ते लपवलेले नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. २०२२ च्या मे महिन्यापासून लंडनमध्ये तीन हजार लोकांच्या खास बांधलेल्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. मंचावर १९७९ च्या सुमाराचे चौघे दिसतात, पण ते डिजिटल. त्यासाठी सत्तरीच्या आसपासच्या चौघांनी सेन्सर लावलेले घट्ट सूट घालून पाच आठवडे कॅमेऱ्यांसमोर गाणी सादर केली. बाजूला दहा जणांचा वाद्यवृंद मात्र खराखुरा. जुन्या फॅनमध्ये यावरून दोन तट आहेत. बाहुल्यांचा खेळ, असं एक तट म्हणतो. मी दुसऱ्या तटात. चौघं आपापल्या घरी स्वस्थ आहेत, कुणी त्यांना लग्न-घटस्फोटाचं विचारत नाही, आणि गाणी रोज संध्याकाळी कामावर जातात. माझ्या मते यापेक्षा बरी व्यवस्था कुठल्याही बँडने लावलेली नाही.

भाची लंडनला असते, तिने तिकिटांचं मनावर घेतलंय. तिला खाली नाचायच्या जागेत उभं राहायचंय, मला खुर्ची हवी आहे. यावर भांडण चालू आहे. ती म्हणते, मावशी, 'डान्सिंग क्वीन'ला तू बसून राहणार आहेस का? म्हटलं, तेवढ्यापुरती उठेन, पण 'द विनर टेक्स इट ऑल'ला माझ्याशी कुणी बोलायचं नाही.