शून्याचे वीस टक्के

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो. परवा पुन्हा आला, या वेळी खाली जोडलेल्या हातांचे तीन इमोजी घेऊन. मजकूर साधारण असा: ‘करोनात सरकारने २० लाख कोटी वाटले. त्यातले तीन लाख कोटी छोट्या धंदेवाल्यांना, तेही विनातारण. कुणीही बँकेत जावं आणि घ्यावं. वर हप्तेही माफ. तरी यांचं रडगाणं चालूच. पैसे घेतले, खाल्ले, बुडवले, आणि भरतोय कोण? आपण पगारदार. ज्यांच्यात धमक होती ते उभे राहिले.’

मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका जिन्याखालच्या खोलीत बसून लोकांचे हिशेब लिहितो, जीएसटीची रिटर्न भरतो. मेसेजमधले ‘यांचं’ म्हणजे माझे बहुतेक क्लायंट. तुळशीबागेतले गाळेवाले, भोसरीतले जॉबवर्कवाले, पेठांमधले मेसवाले. ग्रुपवर उत्तर टाकलं तर ते ‘सुप्रभात’च्या खाली गाडलं जाईल, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

‘२० लाख कोटी वाटले’

मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या पॅकेजची बेरीज २० लाख ९७ हजार कोटी रुपयांच्या आसपास होती, हे खरं. पण त्यातले आठ लाख कोटींहून जास्त म्हणजे बँकांकडे पैसा खेळता राहावा म्हणून रिझर्व्ह बँकेने केलेले उपाय. ते कुणाच्या गल्ल्यात पडत नाहीत. धंद्यांसाठीचे तीन लाख कोटी ही तर हमी होती. कर्ज बँकेने द्यायचं, आणि ते थकलं तर बँकेचं नुकसान सरकारी हमी संस्थेने भरून द्यायचं. या हमीसाठी मंत्रिमंडळाने तरतूद मंजूर केली ४१,६०० कोटींची, तीही ते वर्ष आणि पुढची तीन वर्षं मिळून. मेहुण्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो, म्हणून त्याची गाडी मी घेऊन दिली असं कुणी म्हणत नाही. (मेहुणा तर मुळीच म्हणत नाही.)

‘कुणीही जावं आणि घ्यावं’

खरी मेख इथे आहे.

मूळ नियम असा होता: २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या धंद्याच्या नावावर जेवढं कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्के रक्कम नव्याने मिळेल. त्या दिवशी खातं साठ दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नको. म्हणजे किती मिळणार हे ठरणार आधीच्या कर्जावरून. किती बुडालात, किती महिने कुलूप होतं, हे कुणी विचारणार नव्हतं.

भोसरीतला माझा एक क्लायंट पत्र्याचं काम करतो, सहा माणसं आहेत. त्याचं दहा लाखांचं कर्ज बाकी होतं. त्याला दोन लाख मिळाले, आणि सहज मिळाले. एरवी ज्या बँकेत त्याने एका सहीसाठी तीन-तीन चकरा मारल्या, तिथून या वेळी स्वतःहून फोन आला. शंभर टक्के हमी असली की बँक किती प्रेमळ होते ते तेव्हा कळलं. योजनेचं हे श्रेय तिला द्यायलाच हवं. या कर्जामुळे सुमारे १३.५ लाख खाती बुडण्यापासून वाचली, असा अंदाज स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी जानेवारी २०२२ मध्ये मांडला होता. आमचा पत्रेवाला त्यातलाच एक असावा.

आता पेठेत या. सदाशिव, नारायण, नवी पेठेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांवर मेस चालतात. माझ्याकडे हिशेबाला एक काकू येतात. दोन्ही वेळचे मिळून दीडशे डबे, मदतीला चार बायका. मार्च २०२० मध्ये मुलं गावी गेली. जाताना अर्ध्या महिन्याचे पैसे राहिले ते राहिलेच, आणि काकूंनीही ते मागितले नाहीत. परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, पुन्हा ढकलल्या गेल्या. मार्च २०२१ मध्ये त्यावरून शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्यानंतर महिन्याभरात राज्यात पुन्हा निर्बंध लागले आणि मुलं पुन्हा गावी गेली.

काकूंनी आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलं नव्हतं. किराणा उधारीवर, भांडी भिशीच्या पैशातून, गॅसची शेगडी दिराने दिलेली. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. जून २०२० मध्ये त्या पेपरातलं कात्रण घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मला किती बसतील?” मी कॅल्क्युलेटर हातात घेतला आणि खाली ठेवला. शून्याचे वीस टक्के काढायला तो लागत नाही.

काकू अपवाद नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात असे छोटे-मोठे ६ कोटी ३४ लाख धंदे होते, त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त सूक्ष्म. जाहीर करताना अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं की या कर्जाचा लाभ ४५ लाख उद्योगांना होईल. पुढे योजना वाढत गेली, मर्यादा पाच लाख कोटींवर नेली, मुदत मार्च २०२३ पर्यंत लांबली, आणि लाभार्थी झाले सुमारे एक कोटी १९ लाख. मोठाच आकडा आहे. पण ‘कुणीही’ नाही.

रस्त्यावरच्यांसाठी वेगळी योजना आली, जून २०२० मध्ये, पीएम स्वनिधी. दहा हजार रुपये, वर्षात फेडायचे, वेळेवर फेडले तर व्याजात सात टक्के सूट आणि पुढच्या वेळी वीस हजार. मला ही योजना मनापासून आवडली, कारण सावकाराच्या वहीतून माणूस बँकेच्या वहीत आला. पण तिथेही आधी पालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागायचं, आणि पुण्यात परवाना एकाच्या नावावर, पथारी दुसऱ्याची हा प्रकार काही गुपित नाही. उन्हात उभा राहणारा बऱ्याचदा तो दुसरा असतो.

रोख, परत न करायचे पैसे राज्य सरकारने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केले: परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत फेरीवाले, नोंदणीकृत बांधकाम कामगार यांना १,५०० रुपये. महिन्याला नव्हे, एकदाच.

‘हप्ते माफ केले’

एकही हप्ता माफ झाला नाही. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. व्याजाचं मीटर चालूच होतं. ते व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायचं का, यावर मोठा वाद झाला. शेवटी दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सरकारने दिला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज कुणाकडूनच घेऊ नका. सगळं व्याज माफ करायची मागणी मात्र फेटाळली.

आणि हा फरक फक्त धंदेवाल्यांना मिळाला का? नाही. घर, गाडी, शिक्षण, क्रेडिट कार्ड, सगळ्याला मिळाला. मेसेज पाठवणाऱ्या काकांच्या फ्लॅटच्या कर्जावरही नोव्हेंबर २०२० मध्ये काही रुपये जमा झाले असणार. पासबुक काढून पाहा म्हणावं.

विजेचंही तसंच. उद्योग आणि दुकानांना वीजबिलातला स्थिर आकार तीन बिलांपुरता थांबवला होता. लोकांनी ‘माफ’ असं ऐकलं. नंतर बिल आलं तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता.

खरंखुरं माफ होणारं कर्ज अमेरिकेत होतं: माणसांचे पगार चालू ठेवलेत तर परतफेड नको. जर्मनीत पाच माणसांपर्यंतच्या धंद्याला नऊ हजार युरोपर्यंत थेट अनुदान होतं. तिथेही लबाड्या झाल्या, अमेरिकेत तर भरपूर. पण ‘दिले’ या क्रियापदाचा अर्थ तिथे दिले असाच होता.

‘खाल्ले, बुडवले’

पत्रेवाल्याच्या दोन लाखांकडे परत येऊ. व्याज जास्तीत जास्त सव्वानऊ टक्के, मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष फक्त व्याज. या दराने पहिल्या वर्षाचं व्याज १८,५०० रुपये, मग ३६ महिने साधारण ६,३८० चा हप्ता. एकूण परत करायचे सुमारे दोन लाख ४८ हजार. त्याने फेडले. विनातारण म्हणताना हेही विसरलं जातं की नवं तारण मागितलं नव्हतं. आधी जे गहाण होतं त्यावर या कर्जाचाही बोजा चढतच होता.

काही जणांचं थकलं, नक्कीच थकलं. पण थकलं म्हणजे सुटलं असं नव्हे. हमीचे पैसे बँकेला मिळतात, कर्जदाराला नाही. त्याच्यामागची वसुली चालूच राहते, आणि सिबिलचा आकडा पडला की पुढची चार वर्षं त्याला मिक्सरसुद्धा हप्त्यावर मिळत नाही.

मुळात थकतं का, तेही बघा. पुण्यात जून २०२० मध्ये दुकानं उघडली ती आळीपाळीने, रस्त्याची एक बाजू आज, दुसरी उद्या. १३ जुलैपासून पुन्हा दहा दिवस कडक बंद. जागेचं भाडं मात्र रोजचं. अशा दुकानाला गिऱ्हाईक हवं होतं आणि मिळालं कर्ज.

‘भरतोय पगारदार’

थोडक्यात. काडेपेटीवरचा जीएसटी पत्रेवाल्याच्या हातचा हेल्परही भरतो. आणि त्या काळात सरकारने खिशातून भरलेली एक रक्कम पगारदारांच्याच खात्यात गेली: शंभरपर्यंत माणसं आणि त्यातली नव्वद टक्के १५ हजारांच्या आत पगाराची, अशा ठिकाणी भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा आणि कामगाराचा, दोघांचा मिळून २४ टक्के हिस्सा मार्च ते ऑगस्ट २०२० सरकारने भरला. चांगलं काम होतं. काकूंच्या चार बायकांचा पीएफ नव्हता, त्यामुळे त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही.

‘धमक होती ते उभे राहिले’

ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक नियम सैल केला, त्याबद्दल कुणी मेसेज फिरवत नाही. सोनं तारण ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू लागलं, मार्च २०२१ पर्यंत. काकूंना बसणारी योजना ती एवढीच.

त्यांनी पाटल्या ठेवल्या. आधी चार बायकांना दिवाळीपर्यंत थोडे थोडे पैसे दिले, मग मुलं परत येतील तेव्हासाठी तांदूळ भरला. तो तांदूळ दुसऱ्या लाटेत शेजारीपाजारी वाटावा लागला, कारण त्याला टोके लागले होते. २०२२ मध्ये मेस पुन्हा सुरू झाली, साठ डब्यांवर. एक पाटली सोडवून आणली. दुसरी लिलावात गेली. तिचे बँकेच्या हिशेबातून उरलेले नऊशे चाळीस रुपये खात्यात आले, ते ‘उत्पन्न’मध्ये धरायचे का, हे विचारायला काकू माझ्याकडे आल्या होत्या.