वीज गेली म्हणून मासेटाकीखालचा संप घर बुडवत नाही

'घरी बनवलेला संप लावू नका, वीज गेली की टाकीतलं सगळं पाणी खाली येऊन फ्लॅट बुडतो,' असा मेसेज ठाणे-नवी मुंबईतल्या मासे पाळणाऱ्यांमध्ये फिरतोय. ऐरोलीत माझ्या पाच फुटी, झाडं लावलेल्या टाकीखाली असाच संप, म्हणजे वरून आलेलं पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी आहे, म्हणून हा खुलासा.

सगळं पाणी खाली येऊच शकत नाही. पंप थांबला की पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचं जादा पाणी संपात सोडणाऱ्या वाटेच्या, कडेपर्यंतच उतरतं. १५० बाय ६० सेंमीच्या टाकीत पातळी अडीच सेंमी उतरली, तर साडेबावीस लिटर. ९० बाय ४० सेंमीच्या संपात तेवढ्याने पाणी सव्वासहा सेंमी चढतं. पाइपातलं पाणी धरून दहा सेंमी जागा रिकामी ठेवा.

खरी गडबड परतीच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या, पाइपाची. त्याचं तोंड दहा सेंमी खोल बुडलेलं असेल, तर सायफन उलटा चालून, म्हणजे भरलेल्या पाइपातून पाणी आपोआप खाली ओढलं जाऊन, ९० लिटर खाली येतं. पाण्याच्या पातळीखाली लगेच पाइपाला छोटं भोक पाडा. हवा शिरली की सायफन तुटतो. शेवाळ ते भोक बुजवतं, म्हणून दर आठवड्याला काडी घालून बघा. नुसत्या चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) विसंबू नका, गोगलगाय अडकली तरी तो उघडा राहतो.

मात्र काचेला भोक न पाडता कडेवर टांगलेल्या ओव्हरफ्लोची भीती रास्त आहे. वीज परतल्यावर त्याचा सायफन सुरू झाला नाही, तर पंप वरची टाकी ओसंडवतो. मासे सोडण्याआधी पंपाचं बटण चार-पाच वेळा बंद-चालू करून पाहाच.