उभी झाडं दिसतात, पोरं कुठायत?

"झाड तोडायचं नाही, नुसती फळं वेचायची. जंगलही राहतं, माणसाचं पोटही भरतं." वाद घालताना हा माझा हुकमी पत्ता होता आणि उदाहरण ठरलेलं, अ‍ॅमेझॉनचं ब्राझील नट. हल्ली हा पत्ता जरा जपून टाकतो.

या झाडाचं सगळंच अवाढव्य. उंची ५० मीटरपर्यंत, आयुष्य शतकांचं, फळ पिकायलाच वर्षाहून जास्त. फळ म्हणजे लाकडी तोफगोळा. वारा सुटला की वेचणारे झाडाखाली फिरकत नाहीत, डोक्यात पडलं तर खेळ खलास. गोळे गोळा करून ढीग लावायचा, एकेकावर कोयत्याचे घाव घालायचे, की आत १० ते २५ तिधारी बिया, संत्र्याच्या फोडींसारख्या दाटीवाटीनं बसलेल्या.

जंगलात हे कवच फोडायचं काम मुख्यतः अगूती करतो. सशाएवढा कुरतडणारा प्राणी. थोड्या बिया खातो, उरलेल्या इथेतिथे पुरून ठेवतो. काही विसरतो, किंवा परत यायच्या आत स्वतःच कुणाच्या तरी पोटात जातो. झाडाला दोन्ही चालतं. रोप तिथूनच उगवतं.

आता दरवर्षी जवळजवळ सगळी फळं माणसानंच उचलली तर? २००३ साली कार्लोस पेरेस आणि सहकाऱ्यांनी ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियातल्या कमी-जास्त वेचणीच्या २३ ठिकाणांचा अभ्यास मांडला. जिथे वर्षानुवर्षं कसून वेचणी झाली, तिथे ६० सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या खोडाची, म्हणजे तरुण झाडं जवळपास नव्हतीच. जंगल हिरवंगार, फळांचा सडा, आणि पुढची पिढीच गायब! माझ्यासारख्या लांबून बघणाऱ्याला हे कळणार कसं?

पण यावरून वेचणाऱ्यालाच झोडपायला निघालेल्यांशीही माझं जमत नाही. फिरत्या शेतीनंतर पडीक सोडलेल्या तुकड्यांत याच झाडाची रोपं जोमानं वाढलेली आढळली आहेत. तिथे ऊन मिळतं आणि बिया पुरायला अगूती येतो. ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून जंगल साफ करणारे एवढं एक झाड कुरणात उभं ठेवतात. पण परागीभवन करणाऱ्या मोठ्या मधमाश्या जंगलातच राहिल्या, मग फळ धरणार कुठून? याला जगवणं म्हणत नाहीत. ब्राझीलमधला रबर गोळा करणाऱ्यांचा नेता चिको मेंडिस १९८८ साली मारला गेला तो गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडणाऱ्यांना आडवा गेला म्हणून. वेचणीचं उत्पन्न बुडालं तर त्या जागी गुरंच येणार.

तेव्हा वेचणी बंद करा असं मी म्हणणार नाही. काही झाडं आळीपाळीनं दोन-चार वर्षं सोडा, पडीक जमिनीत रोपं लावा, आणि कृपा करून अगूतीची शिकार थांबवा (वेचणीच्या हंगामात तोच भांड्यात जातो, हे विशेष). पुढच्या वेळी कुणी 'जंगलस्नेही' असा शिक्का दाखवला की मी एवढंच विचारणार आहे: बारकी झाडं किती मोजलीत?